नऊ नंबरची हजेरी

बाईंच्या शाळेत हजेरी घ्यायची रीत जगावेगळी होती. पोर आलेलं असलं तर ते स्वतः ‘हजर’ म्हणायचं, आणि नसलं तर त्याच्या शेजारी बसणाऱ्याने त्याच्यासाठी ओ द्यायची. नंबर पुकारला आणि खोली गप्प राहिली, असं कधी होऊ द्यायचं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी दोन ओळी जुळवल्या होत्या. पोरं त्या रोज हजेरीआधी एका सुरात म्हणायची:

माझ्या नंबराची हाक, ओ कुणी देईना,
शेजारच्या पाखरा, सांग तो का येईना.

मग बाई वही उघडायच्या. आठ? ताप उतरलाय बाई, पण आई सोडत नाही. चौदा? शेळी व्यायलीय बाई, दोन झाली, एक काळं आहे. बाई पेनाने वहीत गैरहजरीची खूण करायच्या आणि शाळा सुटली की घरी जाताना आठ नंबरचं कपाळ बघायच्या, चौदा नंबरचं काळं करडूही बघायच्या. एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं. गावात निम्म्या घरांतल्या आया बाईंच्याच हाताखालून गेलेल्या. आपलं पोर पहिल्यांदा शाळेत आणताना त्या दारात उभ्या राहून सांगायच्या, मी अकरा नंबर होते बाई. आणि बाईंना आठवायचं.

त्या साली पावसाने गावाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. विहिरीचे दगड उघडे पडले. रान असं वाळलं की चालताना पायाखाली कुरकुरायचं. बाईंचा नवरा गवंडी. पाणीच नाही तर माल कालवणार कशात? त्याची कामं एकेक करून बंद पडली. रोज सकाळी तो ओट्यावर बसून थापीला तेल लावायचा, पुसायचा, परत पिशवीत ठेवायचा. सासूबाई म्हणायच्या, अरे, पोरीसारखी नटवतोस तिला, सासरी कधी धाडणार? तो हसायचा. पण हसू ओठांच्या वर चढत नव्हतं.

दोन घरं कुलपं लावून परगावी गेली, त्यांच्यासोबत तीन आणि वीस नंबर गेले. बाकीच्यांना जवळची खाण होती. गावामागच्या टेकडीला भोक पाडून तिथे खडी काढायचे. मोठी माणसं दगड फोडायची, पोरं घमेली वाहायची. पट बावीसचा होता, आणि बाकांवर अकरा पोरं उरली.

नेमका त्याच वर्षी वरून हुकूम आला: ज्या शाळेत वीसपेक्षा कमी पोरं बसतात, ती शाळा बंद. रोज साडेदहाला कचेरीतून फोन यायचा. फोन करणारा तरुण होता, त्याला एवढंच हवं असायचं की आज किती. सासूबाईंनी त्याचं नाव आकडेवाला ठेवलं होतं.

बाईंनी पहिल्या दिवशी खरं ते सांगितलं. अकरा.

पलीकडून उसासा ऐकू आला. मग तो म्हणाला, “बाई, बावीसचा पट आणि अकरा पोरं? शिकवण्यात गोडी असली की पोरं पळत येतात. जरा स्वतःकडे बघा.”

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. समोर अकरा तोंडं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी फळ्याकडे वळून खडू उचलला आणि काय लिहायचं होतं तेच आठवेना. खडूचं टोक फळ्याला टेकून तसंच राहिलं. मागे कुणीतरी खोकलं. बाईंनी एक आडवी रेघ ओढली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

त्यानंतर फोनची वेळ जवळ आली की त्यांचा हात थरथरायला लागायचा. पेन वहीवर टकटक वाजायचं. कचेरीत जाऊन यावं लागायचं, तिथे बाकावर तास तास बसवून ठेवायचे, आणि आत बोलावलं की त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस मान वर न करता विचारायचा, तुमची कोणती हो शाळा, ती अकरावाली? कुठल्या घरी किती गुरं, किती माणसं, कुणाच्या घराला पत्रा, कुणाच्या घराला गवत, याचे तक्ते भरायचे. ते परत यायचे, पुन्हा भरायचे. शिकवायला दिवसाचा चोथा उरायचा.

पोरांनी सगळं बघितलं होतं. पोरं बघतातच. एक दिवस बाईंनी नऊ नंबर पुकारला, तेव्हा शेजारच्या दहा नंबरने ‘खडीला गेलीय’ असं म्हणायला तोंड उघडलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाली, “हजर, बाई.”

हात थांबला.

बाईंनी मान वर केली नाही. नऊच्या पुढे हजेरीची खूण केली आणि दहा पुकारला. पुढच्या आठवड्यापर्यंत बाकांवर कितीही पोरं असोत, खोलीतून बावीस ‘हजर’ येऊ लागले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. ‘हजर’ म्हटलं की बाईंचा हात थरथरत नाही, एवढं पोरांना कळलं होतं, आणि पोरांचा जीव बाईंवर होता. आकडेवाला खूश झाला. म्हणाला, बघा, मनावर घेतलं की होतं.

बाई मनाशी म्हणायच्या, आवाज तर बावीस आले. मी आवाजाची खूण करते. पण आता आठ नंबरला ताप आहे का, हे त्यांना कळत नव्हतं. शाळा सुटली की त्या कुणाच्या दारात थांबत नव्हत्या. डोकं खाली घालून सरळ घरी यायच्या.

घरी त्या बसून जेवेनाशा झाल्या. ताट हातात घेऊन उभ्याच दोन घास गिळायच्या आणि गिळताना पुटपुटायच्या, एक, दोन, तीन. ताटल्या मोजायच्या, वाळत घातलेले कपडे मोजायच्या. सकाळी शाळेच्या फाटकापाशी आल्या की भिंतीआड जाऊन ओकायच्या, तोंड पुसायच्या आणि कुलूप उघडायच्या. आवाज बसला तो सुटेना. नवऱ्याने दोनदा विचारलं, दवाखान्यात जाऊन येऊ या का. बाई म्हणाल्या, मला काय धाड भरलीय? सासूबाई म्हणाल्या, धाडच भरलीय, पण ती अंगाला नाही, फोनला भरलीय. फेकून दे तो तुझा दुसरा नवरा.

एकदा पाण्याच्या रांगेत एक बाई त्यांच्यापाशी आली. अंगाने काटकुळी, तोंडावर वर्षभराची धूळ. नऊ नंबरची आई. हातातला हंडा खाली ठेवून तिने बाईंचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, तुमचे उपकार झाले बाई, पोरीला बक्षिसाचे पैसे दिलेत, तिने आणून धान्याच्या डब्यात टाकले, घर आठ दिवस चाललं. बाईंच्या डोक्यात तेव्हा गुरांचा तक्ता चालला होता. खालच्या आळीतल्या म्हशी मांडायच्या राहिल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाल्या, हो हो, हुशार आहे ती.

हुशार होतीच. शाळेच्या फळ्यावर रोजचं एक चांगलं वाक्य लिहायचा मान नऊ नंबरचा असायचा. अक्षर असं टपोरं की पुसायला हात धजू नये. महिनाभरापासून फळ्याच्या त्या कोपऱ्यात एकच वाक्य होतं, आणि ते बदललं नाही हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं.

पोरगी रोज सकाळी दप्तर घेऊन घरून निघायची, ओढ्यातल्या झुडपात दप्तर लपवायची आणि खाणीवर जायची. आईला वाटायचं, पोर शाळेत आहे. आणि शाळेच्या वहीत ती शाळेतच होती.

एका मंगळवारी दुपारी खाणीवर उभा लावलेला एक दगड पलटला. नऊ नंबरचा उजवा हात त्याच्याखाली आला.

बाईंना दुसऱ्या दिवशी कळलं, तेही खाणवाल्याकडून. तो शाळेच्या दारात वहाणा काढून उभा राहिला, तसाच, जसा लहानपणी राहायचा. बाईंच्या पहिल्या वर्गातला सतरा नंबर. बापामागे खाण त्याच्याकडे आली होती. आवाजात तीच जुनी अदब होती. त्याने सांगितलं की पोरीची तीन बोटं चेचली आहेत, आई म्हणते खाणीवर झालं, पण खाणीवर अशी कुणी पोर नव्हती. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर खर्च कुणी द्यायचा, हा प्रश्न आहे. मग म्हणाला, बाई, कालची हजेरी जरा दाखवता?

बाईंनी वही पुढे केली. हात आपोआप पुढे झाला. त्याने नऊच्या ओळीवर बोट फिरवलं, मंगळवारवर थांबवलं आणि फोनमध्ये पानाचा फोटो काढला.

“तुम्हीच शिकवलंत बाई,” तो म्हणाला, “वहीत असतं ते खरं.”

जाताना वळून म्हणाला की शुक्रवारी तपासणीचे साहेब मोजणीला येणार आहेत असं ऐकलं, त्या दिवशी खाण बंद ठेवतो, सगळी पोरं आंघोळ घालून धाडतो, काळजी करू नका. आपली शाळा बंद पडता कामा नये.

तो गेल्यावर तासाभराने नऊ नंबरची आई आली. आत आलीच नाही, ओट्याच्या खालीच उभी राहिली. गावातल्या दवाखान्यातल्या माणसाने तिला सांगितलं होतं की चार दिवसांत मोठ्या दवाखान्यात नेलं तर बोटं राहतील, नाहीतर काढावी लागतील. खाणवाला म्हणत होता, पोर त्या दिवशी शाळेत होती, घरी काहीतरी करून घेतलं असेल.

“बाई, ती त्या दिवशी शाळेत नव्हती,” ती म्हणाली. “एवढंच लिहून द्या. तुम्ही बक्षीस दिलं नव्हतं, हे मी कुणाला सांगणार नाही.”

बाईंना ते शेवटचं वाक्य कळायला वेळ लागला. पाण्याच्या रांगेत पोरीच्या खडीच्या पैशांना आपणच बक्षीस म्हणून मान डोलावली होती. एका दिवसाची हजेरी खोटी म्हटली की महिन्याची खोटी, महिन्याची खोटी म्हटली की नोकरी गेली, शाळा गेली, घरातलं एकमेव चालतं चाक गेलं. हे सगळं एका क्षणात डोक्यातून सरकलं आणि तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, “बघते.”

ती आई मान हलवून निघून गेली. कचेरीतल्या बाकावर हाच शब्द ऐकून बाईही अशाच मान हलवून उठायच्या.

संध्याकाळी घरात बोलणं झालं. बाईंनी सगळं सांगितलं, भिंतीकडे बघून, फुटक्या आवाजात. नवरा थापी पुसत होता, तो थांबला. सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या की पोरीचं वाईट झालं, पण ते दगडाने केलं, तू नाही केलंस. तू तोंड उघडलंस तर बोटं तिची वाचतील, आणि बावीस पोरांची शाळा जाईल, आणि आपल्या चुलीवर काय शिजेल ते मला सांग.

नवरा म्हणाला, “भिंत एक बोट बाहेर गेली की मी वर चढवत नाही. पाडतो.”

“पाड की,” सासूबाई म्हणाल्या. “तू बांधतोस लोकांची घरं आणि घरी येऊन झोपतोस. तिला त्याच भिंतीखाली बसायचंय.”

नवऱ्याने थापी पिशवीत ठेवली. बाईंना वाटलं, दोघंही खरं बोलताहेत, आणि आपण मात्र कुणी उरलोच नाही. त्यांनी स्वतःला बाई म्हणून ओळखलं होतं, दुसरं काही नाव त्यांनी कधी मनात ठेवलं नव्हतं. आता आतून कुणी विचारलं, बाई? तर ओ येत नव्हती. अंगणातल्या दोरीवर सहा कपडे होते. त्यांनी पुन्हा मोजले. सहाच होते.

शुक्रवारी खाणवाल्याच्या ट्रॅक्टरमधून पोरं उतरली. तेल लावलेले केस, पाठीवर दप्तरं, नखांत मात्र खडीची पांढरी भुकटी. बाईंनी फाटकाआड ओकून घेतलं आणि आत आल्या. साहेब अकराला आले. थकलेला, पोट सुटलेला माणूस. आल्या आल्या पाणी मागून त्याने एक गोळी घेतली आणि बाईंना बाजूला घेऊन हळू सांगितलं की आज ही चौथी शाळा आहे, अजून चार आहेत, मलाही वर आकडा द्यायचा असतो, वीस भरू द्या म्हणजे दोघंही सुटू. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याचाही हात किंचित थरथरत होता. बाईंनी तो पाहिला.

त्याने बाकांवरून बोट फिरवत डोकी मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली. एकोणीस. खिडकीतून बाहेर बघितलं, पोर कुठे राहिलंय का म्हणून.

“एकच कमी पडतंय,” तो म्हणाला. “हजेरी घ्या तुम्ही. मी त्यावरून लिहितो.”

पोरांनी दोन ओळी म्हटल्या. बऱ्याच दिवसांनी खोली भरून आवाज आला. शेजारच्या पाखरा, सांग तो का येईना. बाईंनी वही उघडली. एक, हजर. दोन, हजर. तीन, जो परगावी गेला होता, हजर. साहेबांनी मान वर केली नाही, त्यांना बेरजेशी मतलब होता. आठ, हजर.

“नऊ,” बाई म्हणाल्या.

सगळी खोली एका आवाजात म्हणाली, “हजर!”

एकोणीस तोंडं बाईंच्या हाताकडे बघत होती. आता थांबेल, आता थांबेल. दहा नंबरच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिने सगळ्यात मोठ्याने म्हटलं होतं. फळ्याच्या कोपऱ्यात ते टपोरं वाक्य महिनाभराच्या धुळीखाली होतं. बाईंनी पेन टेकवलं. हात थरथरतच राहिला.

“नाही,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बसला होता की पहिल्या बाकालाच ऐकू गेलं. “नऊ घरी आहे. तिचा हात खाणीत चिरडला. मंगळवारी ती शाळेत नव्हती. महिनाभर नव्हती. मी हजर लावत होते.”

साहेबांनी टोपण उघडलेलं पेन तसंच धरलं. म्हणाले, “बाई, बसा. तुम्हाला बरं वाटत नाहीये.”

“मला काही झालेलं नाही,” बाई म्हणाल्या. “पुढे ऐका. तीन परगावी गेलाय.”

आणि मग त्यांनी सगळे बावीस नंबर परत पुकारले. मग दहा नंबर उठली आणि नऊ नंबरचं सांगितलं, दप्तर ओढ्यातल्या झुडपात असतं इथपर्यंत. मग बाकीचे उठले. मी रोज खडीला जातो बाई. मी सोमवार सोडून. मी पाण्याला. बाई लिहीत गेल्या. पान भरलं, मागचं पान उघडलं, तेही भरलं. पाटीएवढ्या कोऱ्या कागदावर त्यांनी नऊ नंबरच्या आईसाठी चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि साहेबांना साक्षीची सही मागितली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. शेवटी सही केली, गोळ्यांची पट्टी खिशात टाकली आणि स्वतःच्या तक्त्यात एकोणीस लिहिलं. निघताना एवढंच म्हणाले की शाळेचं कळवतील, तुमचंही कळवतील.

घरी येताना बाईंनी कागद त्या आईच्या हातात दिला. ती वाचू शकत नव्हती. तिने तो कपाळाजवळ नेला आणि घडी घालून पदराच्या गाठीत बांधला. आत चटईवर नऊ नंबर झोपली होती, हात फडक्यात गुंडाळून उशीवर ठेवलेला. बाई आत गेल्या नाहीत. पाय उंबऱ्याच्या आत पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या नाहीत. जाग होती, डोळे उघडे होते, पण पाय सांगितलेलं ऐकेनात. फाटक, कुलूप, किल्ली, एवढं मनात आणलं तरी छातीवर दगड पलटल्यासारखं व्हायचं. सासूबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या, कपाळावर हात ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना टोमणा सुचला नाही. पेला उशाशी ठेवून त्या तिथेच जमिनीवर बसून राहिल्या.

नवरा किल्ली घेऊन शाळेवर गेला. पोरांना घरी पाठवतो आणि येतो म्हणाला. गेला तो तासाभराने आला. खाटेच्या कडेला बसला, किल्ली हातात फिरवत राहिला.

खाण परत सुरू झाली होती, तरी सात-आठ पोरं आली होती. तो जा म्हणाला तर जाईनात. म्हणाली, हजेरी घेतल्याशिवाय नाही. मग त्यांनीच ओळी म्हटल्या, त्यांनीच वही उघडली. नऊ नंबर आली होती, हात गळ्यात बांधून. कागद बघितल्यावर खाणवाल्याने दुपारी तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी धाडायचं कबूल केलं होतं. तोवर घरात बसून काय करू, असं म्हणून ती आली होती.

“सगळे नंबर झाले,” नवरा म्हणाला. “जे नव्हते त्यांचं शेजारच्याने सांगितलं. खरं खरं. मग दहा नंबर म्हणाली, बाई? तर सगळे गप्प. तुझ्या शेजारी कोण बसतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.”

बाई छताकडे बघत होत्या.

“मग नऊ नंबर उठली. म्हणाली, घरी आहेत. बरं नाहीये त्यांना.”

बाहेर दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते. बाईंनी मोजले नाहीत. ओठ दोनदा हलले, तिसऱ्यांदा शब्द आला, कुजबुजीएवढा.

“गैरहजर लावलं ना मला?”

“लावलं,” नवरा म्हणाला. “शेवटच्या नंबराखाली एक ओळ आखली आणि तिनेच खूण केली. डाव्या हाताने. वाकडी आलीय, पण वाचता येते.”

बाईंनी डोळे मिटले.